शाळेत दिलेला नंबर

ठकू,

मी लॉन्ड्रीत दुपारपाळीला जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे.

सकाळी तुझ्या शाळेत जाऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. वर्ष संपत आलं तरी शाळेचा एक निरोप नाही, म्हणून मीच गेले. बाई म्हणाल्या, हल्ली आम्ही प्रगतिपुस्तक देत नाही, मूल नापास झालं तरच घरी मेसेज करतो, आणि तुमच्या घरी चार केलेत. त्यांनी फोन पुढे धरला. चारही मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा होत्या आणि वर बाबांचा नंबर होता.

शाळेचा फॉर्म तूच भरला होतास. घर सोडल्यापासून ते माझा फोन उचलत नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

घरी येऊन तुझी गणिताची वही काढली, रागावू नकोस. वहीत जी गणितं धडाधड सोडवलीस, तीच बाईंनी दाखवलेल्या पेपरात कोरी ठेवलीस.

तुला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून लिहायला बसले होते. आता काय लिहावं तेच कळत नाही. बाईंनी नंबर बदलायचा कागद दिलाय, तो तुझ्या टेबलावर आहे. मी सही केलीय, पण नंबर काही माझ्याच्यानं लिहवेना. तूच लिही, जो लिहायचा तो.

फक्त एवढंच, बाळा. चार वेळा वाचलंय त्यांनी. पाचव्यांदाही वाचतील. नुसतं वाचतील.

आई