नमुना क्रमांक तीन

४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पाय कसा आहे? पत्र आडवं पडून लिहिलेलं दिसतंय, सगळ्या ओळी उजवीकडे घसरल्यात. सळई घातलेल्या जागी खाज सुटते म्हणालास. विणायची सुई घालून खाजवत बसू नकोस, मी तुला ओळखते. डॉक्टर म्हणतील तेवढंच कर आणि बायकोवर चिडू नकोस. तिनं काही तुझा ट्रक भिंतीवर घातला नव्हता.

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या भाऊजींचा खोकला आहे तिथेच आहे. कारखान्याला पन्नास वर्षं होताहेत म्हणून महिनाभर नुसता गोंधळ चाललाय. झाडांचे बुंधे रंगवले, आमच्या खुर्च्या मात्र तशाच डुगडुगताहेत. परवा आपल्या देशात बनलेली पहिली मोटार फाटकासमोरच्या चौथऱ्यावर चढवली. क्रेननं उचलली आणि हजार माणसांसमोर तिचं एक दार निखळून खाली पडलं! कोणी हसलं नाही. हसणाऱ्याचं नाव लिहून घ्यायला सुरक्षा विभागाचा माणूस वही घेऊन उभाच होता. मीही ओठ चावून उभी राहिले.

एक चांगली बातमी आहे. कर्मचाऱ्यांच्या यादीत नऊ वर्षांनी आमचा नंबर लागला. मेअखेर मोटार मिळेल. भाऊजींनी निळा रंग ठरवलाय. रंग दोनच आहेत, तरी ठरवायला त्यांना तीन आठवडे लागले.

तू विचारलंस त्याबद्दल. ऑक्टोबरात तू ट्रकच्या स्टिअरिंगची तक्रार केली होतीस आणि कारखान्याचं जे उत्तर आलं, ते कोणी लिहिलं ते शोधून काढ म्हणतोस. अपघाताचा चौकशी अधिकारी तेच पत्र तुझ्यासमोर नाचवतो आणि म्हणतो, कारखान्यानं आधीच सांगितलं होतं, चूक चालकाची; हे वाचून मला काही सुचेना. पण अरे, मुख्य इमारतीत साडेचारशे माणसं आहेत. सही एकाची, मजकूर दुसऱ्याचा, टाइप करणारा तिसराच. विचारून बघते. वेळ लागेल. तोवर डोकं तापवून घेऊ नकोस.

भाऊजींचे दोन सैल पायजमे पाठवतेय. प्लास्टरवरून चढतील.

तुझी,
ताई


१९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. आत एकच ओळ होती : "ताई, सापडला का?"

सापडला. मीच ती.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, धुतलेला कट्टा पुन्हा धुतला, आणि परत येऊन बसले. आता सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

दोन वर्षांपूर्वी माझी मुख्य इमारतीत बढती झाली असं मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं. बढती कसली! जुन्या साहेबांशी वाजलं म्हणून मला तक्रार शाखेत टाकलं. रंगकामाच्या शेडमागची एक खोली, दोन टेबलं, एक टाइपरायटर. रंगाच्या वासानं दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं. देशभरातून येणारी पत्रं फोडायची, आवक शिक्का मारायचा, उत्तर पाठवायचं. उत्तरं तीनच. नमुना क्रमांक एक म्हणजे आभार, तो मी दोन वर्षांत चारदा वापरला. दोन म्हणजे सुटा भाग तूर्त उपलब्ध नाही. आणि तीन : "सदर वाहन कारखान्यातून सुस्थितीत रवाना झाले असून, आढळलेला दोष वापरातील हयगयीमुळे उद्भवल्याचा संभव आहे. कळावे." खाली साहेबांच्या सहीचा रबरी शिक्का. तोही माझ्याच खणात असतो.

पहिले काही महिने मी भांडले. साहेबांसमोर पत्रं नेऊन ठेवायचे, सांगायचे, बघा, सगळे एकच म्हणताहेत, उजव्या वळणावर ट्रकचं स्टिअरिंग अडकतं. साहेब म्हणायचे, "बाई, पत्रं वाचायला नाही, उत्तरं द्यायला तुम्हाला ठेवलंय." जोडणी विभागाच्या मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, "जोड कच्चा आहे, मला ठाऊक आहे, तीनदा लेखी दिलंय. महिन्याला दोनशे ट्रक बाहेर पडलेच पाहिजेत म्हणतात. मी तरी काय करू?" जिथे जावं तिथे हेच, मी तरी काय करू. मग मीही तेच म्हणायला लागले. त्यात फार सोय असते रे. पाचला घरी जाता येतं.

तुझं पत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. तुमच्या वाहतूक कंपनीच्या कागदावर, कंपनीमार्फत. माझ्या ओळखीनं काम करून घ्यायचं नाही, हा तुझा नेहमीचा ताठा. पण तुझा 'ळ' मी कुठेही ओळखते, पाटीवर तो गिरवून घेणारी मीच. म्हणजे पत्र तुझं आहे हे मला ठाऊक होतं. हे नीट वाच, धाकट्या. मला ठाऊक होतं.

दोन दिवस ते मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं. तोवर तसली सव्वीस पत्रं आली होती. एक तर कोणा बाईनं लिहिलं होतं, नवरा गेल्यानंतर. तुला नुसतं एक कार्ड टाकायचं होतं : हा ट्रक रस्त्यावर काढू नकोस. पण मग तू विचारलं असतंस, ताई, तुला कसं कळलं? बढतीचं खोटं उघडं पडलं असतं. शिवाय भावासाठी कारखान्यातली गोष्ट बाहेर फोडली असं झालं असतं, तर यादीतून नाव गेलं असतं. नऊ वर्षं वाट बघितलेल्या मोटारीसाठी, धाकट्या. जिचं दार क्रेनवर निखळतं, तिच्यासाठी. मी मनाला सांगितलं, हा लहानपणापासून राईचा पर्वत करतो. आणि नमुना क्रमांक तीन टाइप केला. चार मिनिटं लागली.

जानेवारीत तुझा ट्रक उजवीकडे वळलाच नाही आणि बंद दुकानाच्या भिंतीत घुसला, हे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला धीर दिला. मी! दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून सफरचंद कापून दिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तू गुंगीत होतास, हा माझा बहाणा. मग तू शुद्धीवर आलास, आणि मला दुसरा बहाणा सापडला.

तुझी ती एक ओळ आल्यावर मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "चौकशी अधिकाऱ्यांना सगळी पत्रं पाठवा. एक्केचाळीस झालीत."

"ती कारखान्याची मालमत्ता आहे."

"माझ्या भावाला तुरुंगात टाकतील."

ते बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत राहिले. मग अगदी मायेनं म्हणाले, "बाई, यंदा तुमचा नंबर लागलाय ना? भाऊ आहे, वाईट वाटणारच. चार दिवस रजा घ्या."

घेतली. आणि रजेवर जाताना एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पत्रं डब्याच्या पिशवीत घालून फाटकाबाहेर पडले. पहारेकऱ्यानं विचारलं, पिशवीत काय? म्हटलं, उष्टं. त्यानं नाक मुरडलं आणि सोडलं.

तुझ्या भाऊजींना घरी येऊन सांगितलं. ते एकदा खोकले. म्हणाले, "निळा ठरवला होता." बस्स, एवढंच. सकाळी मात्र माझ्या आधी उठून पिशवी हातात घेऊन दारात उभे. पाच तासांच्या बसप्रवासात त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

चौकशी कचेरीत पहिल्या खिडकीवर सांगितलं, अर्ज हवा. दुसरीवर म्हणाले, अर्ज कारखान्यामार्फत यायला हवा. मी म्हटलं, अहो, तक्रार कारखान्याविरुद्धच आहे! तो म्हणाला, "तरी नियम नियमच." तिसऱ्या खिडकीतली बाई जेवायला गेली होती, ती आलीच नाही. माझा आवाज इतका चढला की अधिकारी स्वतः बाहेर आले. त्यांनी पत्रं चाळली, प्रत्येकावरचा आवक शिक्का आणि तारीख बघितली. मग तुझं पत्र आणि त्याचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून विचारलं, "हे उत्तर कोणाचं?" मी सांगितलं. "आणि हे लिहिणारा तुमचा कोण?" तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि मला खुर्ची दिली.

हयगयीचा आरोप तूर्त थांबवलाय. सगळे जोड तपासायचा आदेश निघेल म्हणतात. कधी, ते कोणी सांगत नाही. कारखान्यानं काय केलं, ऐकायचंय? सगळ्या चालकांना परिपत्रक धाडलं, उजव्या वळणावर वेग कमी ठेवावा. परिपत्रक वाचून मी भिंतीवर मूठ आपटली, बोटं अजून सुजलेली आहेत, म्हणून अक्षर असं आलंय. मला निलंबित केलंय. यादीतून नाव गेलं. माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसवलीय. नमुने तेच तीन आहेत. आजही शिक्का उमटतच असेल.

मी फार मोठं काही केलं असं समजू नकोस. जे पाच महिन्यांपूर्वी एका कार्डात झालं असतं, ते तुझा पाय मोडल्यावर केलं. मिस्त्रींनी, साहेबांनी कोणाकोणाचे पाय मोडले ते मी मोजत बसले होते, पण तुझा हिशोब माझ्याच नावावर आहे.

मंगळवारी अकराला सुनावणी आहे. ते मला दोन्ही कागद मोठ्यानं वाचायला लावणार आहेत, आधी तुझं पत्र, मग माझं उत्तर. तू आलास तर तुझ्यासमोर वाचेन. नाही आलास तरी वाचेन. आलास आणि काही न बोलता कुबड्या घेऊन निघून गेलास, तरी मागून हाक मारणार नाही, एवढा शब्द देते.

चौकशी कचेरीच्या जिन्याला कठडा नाही. भिंतीच्या बाजूनं चढ.

ताई