रानभाताचे सात दाणे

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

खाऱ्या पाण्यात तगलेलं रानभाताचं एकच रोप प्रयोगशाळेत होतं. तुम्ही शिकवलंत तशी मी दाणे पुरते पिकायची वाट पाहिली. पण रानभाताचे दाणे पिकले की आपोआप गळतात. म्हणून लोंबीला आधीच कागदी पिशवी बांधायची असते, तीच मी विसरले. फरशीवर रांगून रांगून सात दाणे सापडले. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. त्यांची पावलं ऐकली की दाण्यांची पुडी खिशात लपवते.

आईला हे सांगू नका. तिनं लिहिलंय, विहिरीचं पाणी खारट लागतंय. तुमच्या पत्रात मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही. बाबा, तुम्हीपण माझ्यासारखेच घाबरलायत का?

तुमची,
धाकटी