शास्त्रात तारीख कुठे आहे?

अगं,
तू चर्चमधून येशील तेव्हा मी घरी नसेन. किल्ली शेजारी ठेवली आहे. माळ्यावरची कागदी चांदणी मी नेतोय, शोधत बसू नकोस.

सकाळी शुभवर्तमानं पुन्हा पालथी घातली. मेंढपाळ आहेत, बाळ आहे, पण जन्माची तारीख नाही, अन् तो दिवस साजरा करा असंही कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे माझं बरोबरच होतं. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली. मूळ प्रतीत नाही ते पानावर राहू दिलं नाही. घरातही तेच केलं. आपली लेक दर नाताळला चांदणी लावू का विचारायची, आणि मी म्हणायचो, "शास्त्रात तारीख दाखव, मग लाव."

आज त्याच पानांत तिचा जन्मदाखला सापडला. अनाथाश्रमातून आणली तेव्हा तिची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आपणच एक दिवस ठरवला, आणि एकोणीस वर्षं केक कापला. तेव्हा मी पुरावा मागितला नाही.

चांदणी तिच्या कबरीवर लावून येतो. तिथल्या दगडावर दोन तारखा आहेत. पुरावा आहे तो फक्त दुसरीला.