दोरीवरच्या शर्टाची नोंद

तीर्थरूप मामांस,

धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. (हल्ली पाठ धरलीय, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही गोळ्या खरंच घेता की नुसत्या डबीत ठेवता, हे मामींनी वेगळं कळवावं. तुम्ही दोघं लेकाकडे राहायला गेल्याला सहा वर्षं झाली. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे महिनाअखेर आम्ही रस्त्यावर येतोय, पण ते ओघात येईलच.

सामान्य माणसाला परवडणारं घर कसं मिळेल, यावर उपाय सुचवा असा आमच्या नगरपालिकेत वरून हुकूम आला आणि ते लोढणं नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. (विभागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा मी एकटाच, साहेब म्हणाले, तुम्हाला अनुभव आहे.) मी चार उपाय लिहून नेले. बांधकामवाल्यांनी दर दहा घरांमागे एक स्वस्तात द्यावं, हा पहिला. ते लगेच कबूल झाले, फक्त ते अकरावं असावं म्हणाले. बसच्या रस्त्यालगत दोन मजले वाढवू द्यावेत, तर आधीच्या रहिवाशांचं ऊन अडतं. मागच्या अंगणात भाडेकरूसाठी खोली बांधू द्यावी, हे सगळ्यांना पटलं, पण दुसऱ्याच्या अंगणात. चौथा उपाय होता रिकाम्या घरांवर दुप्पट कर. तो एकमताने पास झाला, कारण आपलं घर रिकामं नाही याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

मग रिकामी घरं शोधायची मोहीम. नियम मीच केला: तीन वेगवेगळ्या दिवशी दार वाजवायचं, तिन्हीदा उघडलं नाही तर घर रिकामं. आपला भाग आपण तपासायचा नाही, हाही नियम माझाच (पक्षपात नको!). आमच्या भागात सहकारी गेला. त्याला आम्ही काटेकोर म्हणतो. तो तीन दिवस आमचं दार वाजवत होता. मी गावभर दुसऱ्यांची दारं वाजवत होतो, बायको दवाखान्यात, ती परिचारिका, तिची दिवसपाळी, आणि कन्या शाळेत. झालं! आमचं घर रिकाम्यांच्या यादीत गेलं आणि त्या यादीवर मी न वाचता सही ठोकली. पुढे मी हरकत घेतली, तर चौकशीला पुन्हा काटेकोरच आला. तीनदा. भरदुपारी.

घरमालकीणबाई दुप्पट कराची नोटीस आणि तिला जोडलेली ती यादी घेऊन आल्या. "साहेब, खाली सही तुमचीच ना? मग घर रिकामं आहे म्हणता आणि वर त्यातच राहता? त्यापेक्षा मी विकूनच टाकते." महिनाअखेरची मुदत दिलीय त्यांनी. परवडणारी घरं शोधायला मी महिनाभर फिरतोय. कागदावर चार उपाय आहेत, घर एकही नाही. परवा कन्येनं ती नोटीस वाचली आणि विचारलं, "बाबा, आपण रिकामे आहोत का?" मामा, एरवी मला सगळ्याचं हसू येतं, तेव्हा नाही आलं.

बाकी ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. : तुमच्या इथल्या बंद घराला काटेकोरने 'वस्ती आहे, माणूस एक' असं लिहिलंय. (गॅलरीत कपडे वाळत असतील तर दार वाजवायची गरज नाही, हाही नियम माझाच; आमच्या दोन खोल्यांना गॅलरीच नाही.) चोरांना घरात कोणी आहे असं वाटावं म्हणून जाताना तुम्ही गॅलरीत दोरीवर निळ्या पट्ट्यांचा शर्ट टाकून गेलात, तो सहा वर्षांनी आता नगरपालिकेलाही फसवतोय.

ता. क. २ : गुरुवारी तुमच्या घराची फेरतपासणी आहे. नुसत्या शर्टावर भागायचं नाही, आत खरी माणसं लागतील. आमच्याकडे तीन आहेत. भाडं आत्तासारखंच दर महिन्याला देऊ. (बायको म्हणते, मामांना संकोचात टाकू नका. म्हणून हे पत्रात न लिहिता ता. क. मध्ये लिहिलं.)

ता. क. ३ : पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि गुरुवार होऊन गेला. चावी शेजारच्या शिंपीकाकांकडे होती. शर्ट धुऊन, इस्त्री करून तुमच्या कपाटात ठेवलाय. चिमट्यांचे डाग मात्र गेले नाहीत. काटेकोरने दार वाजवलं, तर पहिल्याच थापेला कन्येनं उघडलं आणि त्याला ठणकावून सांगितलं, "आम्ही आहोत!" रागवायचं असेल तर जरूर रागवा, फक्त पत्र तुमच्या जुन्या पत्त्यावर टाका.