अर्ध्यात राहणारी मींड

रविवार संध्याकाळ, गुडगाव

आज दुपारभर गिटारशीच झटापट. तार छेडली की केबलमधून सिंथसायझरकडे मिडी, म्हणजे सुराचा संकेत, जातो आणि तिथून बासरी वाजते. सहा तारांना सहा चॅनल दिले, सूर चोख आले. पण मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं? तार कितीही ओढली तरी बासरी जराशी हलायची आणि थांबायची.

आई बाल्कनीत बसली होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून इथे आणलं. गाणं बंद, शिकवण्याही बंद. समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरांमागे ऊन उतरत होतं. ती कुजबुजली, "अर्ध्यातच राहतेय रे."

"अच्छा, आवाज वाढवू?"

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि बोटाने हवेत एक लांब वळण काढलं. शिकवणीतल्या मुलींना दाखवायची, तसंच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गिटारवर बेंड, म्हणजे तार ओढली की सूर किती सरकावा ते माप, बारा अर्धसुरांपर्यंत ठेवलेलं, सिंथवर मात्र दोनच. दोन्हीकडे बारा केले.

मग तिचं बोट फिरेल तशी मी तार ओढत गेलो. बासरी तरंगत वर गेली, पार त्या टॉवरांपलीकडे. डोळे मी मिटले होते की तिने, आता आठवत नाही.

लहानपणी तिच्यापुढे एकदाही शिकायला बसलो नाही. मला गिटारच हवी होती. कशाला तो हट्ट?

थांबलो. वाटलं, खूश झाली असेल. तिने ते बोट शांतपणे पुन्हा सुरुवातीला नेलं. शिकवणीत कुणी चुकलं की न्यायची, तसं.