हिरवी पलटण नंबर दोन

शनिवार, ४ मार्च

हरले! पुन्हा! नऊ वर्षं एकाच माणसाकडून हरत राहायचं म्हणजे गंमत नाही. आणि तो माणूस कोण, तर माझा सासरा.

आज वाटलं होतं, जमतंय. बाबांच्या तोफा दलदलीत अडकवल्या, टेकडी घेतली, घोडदळ शाबूत. तेवढ्यात माझी नवीकोरी पिवळी पलटण पहिल्याच गोळीबारात पाठ दाखवून पळाली! तीन आठवडे भिंगाखाली बसून एकेकाच्या मिशा रंगवल्या होत्या मेल्यांच्या. बाबा म्हणाले, नवा रंग लागलेले सैनिक पहिल्या लढाईत पळतातच, हा खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचार. त्यांचे कसे पळत नाहीत मग?

नवरा डोकावून गेला. जेवायला टेबल कधी मिळेल म्हणे. आम्ही दोघंही एकदम म्हणालो, नदी ओलांडली की.

सोमवार, ६ मार्च

लॅबमध्ये आज अकरा कवळ्या. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवायचे आणि संध्याकाळी स्वतःचे ओठ खायचे – कारण डोक्यात तीच लढाई.

खरं तर बाबांनी मला या दातांमुळेच हेरलं. लग्न होऊन आले, दुसऱ्या महिन्यात म्हणाले, तुझा हात स्थिर आहे, एवढे दहा शिपाई रंगवून देतेस का? बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई. दिले रंगवून. मग म्हणाले, रंगवलेस तर एकदा खेळूनही बघ. झालं! दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाया आमच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा सुरू. आता कपाटात सहाशे शिपाई आहेत आणि माझ्या साड्या पलंगाखाली.

बाबा मोजणी खात्यातले. पलटण हलवायची तर पोलादी पट्टी लावून, आणि अर्ध्या मिलिमीटरवरून वीस मिनिटं वाद. त्यांचे नियमही तसेच. पडलेले शिपाई ज्याचे त्यानेच उचलायचे, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि लाडका नियम – शत्रू सल्ला देत नाही. मी डोळ्यांदेखत खड्ड्यात चालले असले तरी हा माणूस चहा पीत बघत बसतो. नंतर गोड हसून सांगतो, तिथेच चुकलीस!

एकदा. फक्त एकदा हरवायचंय त्यांना. मग मी टेबल कायमचं जेवणाला द्यायला तयार आहे. (नाही. खोटं लिहिलं.)

शुक्रवार, १० मार्च

उद्या पुलाची लढाई. बाबांनी दिवा जवळ ओढून घेतला, वर आणखी एक आणायला सांगितला. म्हणे, तू हल्ली रंग फार गडद देतेस. माझ्या रंगांना नाव? लॅबमध्ये चौदा छटांमधून दात निवडते मी! 

शनिवार, ११ मार्च

जिंकले!!!

रविवार, १२ मार्च

सविस्तर लिहायचं काल ठरवलं होतं. लिहिते.

पाचवी फेरी. बाबांची हिरवी पलटण नंबर दोन पूल ओलांडून माझ्या निळ्यांच्या अगदी तोंडाशी आलेली. आणखी एक फेरी गेली असती तर मी संपलेच होते. बाबांनी तोफा वळवल्या आणि बोट दाखवून म्हणाले, पुलाजवळच्या त्या निळ्यांवर. बोट होतं हिरव्यांवर. त्यांच्याच!

मला वाटलं, काही तरी डाव आहे. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काही नाही, फासे खुळखुळवत होते. टाकले – तिन्हींवर सहा.

मी गप्प बसले. त्यांचाच नियम, शत्रू सल्ला देत नाही. इथवर ठीक. पण मग सात हिरवे पडले, आणि ते मी उचलले. पटकन, मुठीत घेऊन, डब्यात. बाबांनी उचलले असते तर हातात घेताच कळलं असतं. पुढच्या फेरीत पूल माझा, त्याच्या पुढच्या फेरीत लढाई माझी. बाबांनी उठून हात मिळवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आनंद झाला होता. खरंच झाला होता.

मंगळवार, १४ मार्च

बाबा गावभर सांगत सुटलेत! शिंप्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या रिटायर बँकवाल्यांना तर जिन्यात उभं करून पूल कसा गेला ते हातवारे करून दाखवलं. सुनेनं धूळ चारली मला! असा काही अभिमान, की जिंकले तेच.

शिंपी आज मला बघून उभा राहिला. मी ब्लाउज न घेताच परत आले.

बुधवार, १५ मार्च

त्यांनी नीट बघायला नको? माझा काय दोष?

(उचलले कुणी?)

गुरुवार, १६ मार्च

सांगून टाकलं.

लॅबमधून लवकर आले. बाबा खोलीत थर्माकोलची टेकडी कापत बसले होते. बोट कापलेलं. टेकडीच्या पांढऱ्या उतारावर रक्ताचा चांगला रुपयाएवढा डाग, आणि ते त्याच्यावरच हात फिरवून उतार तपासतायत. त्यांना दिसलाच नव्हता. मी पट्टी आणली, बोट बांधलं आणि बांधता बांधता म्हटलं, "बाबा, शनिवारी तुम्ही तुमच्याच पलटणीवर तोफा डागल्यात."

"दोन नंबर?"

"हो. आणि पडलेले मी उचलले."

बोटाकडे बघत होते, किंवा बोट होतं त्या बाजूला. मग म्हणाले, "मला वाटलं, तुझे पडले. तू उचललेस म्हणून."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डाव्या डोळ्याने जवळजवळ काही नाही. उजव्याला मधलं दिसतं, कडा नाहीत, आणि गडद रंग सगळे सारखेच. थंडीपासून असं आहे. टेबलावर कुणाचं काय चाललंय ते कोण कुठे हात घालतंय त्यावरून ओळखत होते. चार महिने! आणि तरी मला हरवत होते!

म्हटलं, घरात का नाही सांगितलं? तर म्हणे मुलाला कळलं की तो आधी सुरी काढून घेईल, मग फासे, मग जिना. वर मलाच बजावलं, त्याला सांगायचं नाही, शत्रू सल्ला देत नाही.

मी जेवणाआधी नवऱ्याला सांगितलं.

शुक्रवार, १७ मार्च

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. फक्त एकदा, पाणी मागताना – "फितूर, तो तांब्या दे."

सोमवार, २० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तिघंही गेलो. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवायचं, दिवसातून दोनदा थेंब, न चुकता. नवऱ्याने वडिलांचा हात धरून जिना उतरवला, आणि बाबांनी तो झटकला नाही. मला एकदम रडू आलं, तिथेच, चपला घालताना.

बाबांना म्हटलं, पुलाची ती लढाई निकालाच्या वहीतून खोडून टाकूया. नाही म्हणाले. मोजणीवाल्याने एकदा सही केली की केली, म्हणे. पण बोलले, हे महत्त्वाचं.

मंगळवार, २१ मार्च

सकाळचे थेंब मी घालते, संध्याकाळचे नवरा. बाबा तक्रार करतात की त्याचा हात थरथरतो. हाताखाली घेतलाच तर घोडदळातला कारकून करीन त्याला, म्हणाले.

गुरुवार, २३ मार्च

गंमत! नवऱ्याने आपणहून विचारलं, ते घोडेवाले किती पुढे जाऊ शकतात? नऊ वर्षांत पहिला प्रश्न, तोही टेबल कधी मिळेल हा नाही!

शनिवार, २५ मार्च

आज मी बाबांच्या शेजारी बसले. समोर नवरा. त्याने पहिल्याच फेरीत तोफा नदीत उतरवल्या.

"समोर काय दिसतंय?" बाबांनी विचारलं. सगळं सांगितलं, त्याचंही आणि आमचंही. ते सांगत गेले, मी हलवत गेले. चौथ्या फेरीत पूल आमचा. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, आता दर शनिवारी असंच बसायचं.

बसणारच. म्हणजे बाबांना मी नऊ वर्षांत एकदाही हरवलं नाही, आणि आता कधी हरवणार नाही.