सुटं होतं म्हणून लावलं

अम्मा, आज मी तुझ्या कारखान्यात जाऊन आले. कामासाठीच गेले होते, मुद्दाम नाही. गेटवरचा वॉचमन बदललाय, मालकांचा मुलगा आता मालक झालाय, पण आत पाऊल टाकलं आणि कापसाची ती बारीक धूळ नाकात गेली तशी मला तुझी भुवई आठवली. संध्याकाळी तू घरी यायचीस तेव्हा केसांवर, भुवयांवर सगळं पांढरं बसलेलं असायचं, आणि मी दारातूनच ओरडायचे, आली बघा म्हातारी! तू कधी रागावली नाहीस. खरी म्हातारी व्हायला तुला मिळालंच नाही, म्हणून ती चेष्टा आता मला आठवावीशी वाटत नाही, तरी आठवते. आपण घरात तेलुगूच बोलायचो, पण शाळा मराठीत झाल्यामुळे लिहायचं म्हटलं की माझ्या हातून मराठीच उतरतं. तुला दोन्हींतलं काहीच वाचता येत नव्हतं, त्यामुळे भाषेवरून आपलं भांडण व्हायचं कारण नाही.

तू सुताच्या कांड्या भरायचीस त्या कांडी खात्यातून पॅकिंगकडे जाणारा बोळ अजून तसाच आहे. माठ जाऊन पाण्याचा फिल्टर आलाय, इतकंच. त्याच्यावर भिंतीला तोच लोखंडी डबा. सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली ज्यात येऊन मिळतात त्या यंत्राला आम्ही नेटवर्कची कामं करणारे स्विच म्हणतो, तू त्याला डबाच म्हणायचीस. आणि त्या डब्यावर तीच पाटी, 'कोणीही हात लावू नये.' रंग उडालाय, पण वाचता येते. मी तिच्यासमोर लॅपटॉपची पिशवी खांद्याला तशीच अडकवून उभी राहिले. बरोबर आलेला ऑफिसातला माणूस म्हणाला, मॅडम, बसायला स्टूल आणू का? मी म्हटलं, आणा.

त्या दिवशी मी तिथे नव्हते, शाळेत होते. पण तू आणि तुझ्या मैत्रिणींनी इतक्यांदा सांगितलंय की मला ते समोर दिसतं. जेवणाची सुट्टी संपत आलीय. तू पाणी प्यायला येतेस. डब्यातून एक निळी केबल बाहेर लोंबतेय, तिचं टोक येता-जाता तोंडाला लागतंय, आणि डब्यात शेजारीच एक भोक रिकामं आहे. तू आयुष्यभर एकच काम केलंस. कांडी भरताना धागा तुटला की टोक हुडकायचं आणि गाठ मारून जोडायचं. बघायचीसुद्धा नाहीस, बोटंच बघायची. झोपेतही तुझा अंगठा बोटावर फिरत असायचा. तर तू ते टोक धरतेस आणि रिकाम्या भोकात सारतेस. टिक असा आवाज येतो. बरं वाटून तू कांड्यांकडे परत जातेस.

पुढचं मला सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं, पण मुद्दा एकच. ऑफिसातले कॉम्प्युटर एकदम बसले. माल भरलेली गाडी गेटवर उभी, बिल निघेना, गेटपास निघेना, मालक फोनवर ओरडतोय. ज्याने हे सगळं बसवून दिलं होतं तो कॉम्प्युटरवाला घामाघूम होऊन बोळात आला आणि ती केबल हातात धरून विचारायला लागला, "कोणी लावली ही?" दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. तू हात पुसत पुढे आलीस.

"मीच लावली की साहेब. सुटं होतं म्हणून लावलं."

"सुटं होतं म्हणून? अहो, ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालता? एका बाईनं हात लावला आणि अख्खी फॅक्टरी बंद पडली!"

मॅनेजर भला होता, त्याने तुला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. त्याने केबलच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती डब्याला बांधून टाकली आणि वर पाटी ठोकली. ती पाटी कोणासाठी आहे हे कळायला तुला वाचता यायची गरज नव्हती. तहान लागली की तू तिच्याखाली जायचीस. बायकांनी थोडे दिवस चेष्टा केली, "ए बाई, लूमकडं बघू नको गं, बंद पडंल!" आणि मग त्या विसरून गेल्या. तूही त्यांच्याबरोबर हसायचीस. पण घरी आल्यावर तू मिक्सर लावायचं सोडलंस. चटणी पाट्यावर वाटायला लागलीस आणि वर म्हणायचीस, पाट्यावरच्या शेंगाच्या चटणीला चव येते. टीव्हीचा रिमोट माझ्याकडे सरकवायचीस. पुढे नव्या पेठेत तुला साधा मोबाइल घ्यायला गेलो, तर दुकानदार फोन पुढे करतोय आणि तू दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी. "मी लावलं की बंद पडतंय बघा," तू त्याला हसत हसत सांगितलंस. तो बिचारा पण हसला. मला तेव्हा तुझी लाज वाटली का कीव, ते आठवत नाही. फोन मी घेतला आणि तो घरात माझ्याच हातात राहिला.

आणि मग दवाखाना. ते मला लिहायचं नव्हतं. कापसाच्या धुळीने तुझी छाती भरली होती, तुझ्या खात्यातल्या कितीतरी बायकांची भरते तशी. मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर तू उठून बसलेलीस, तोंड उघडं, श्वास सापडत नाही, आणि नर्सला बोलवायची बेल तुझ्या उशीला, हाताच्या अगदी शेजारी. मी ती दाबली, माणसं धावली, ऑक्सिजन लागला. तू जरा शांत झाल्यावर मी चिडून विचारलं, बेल का नाही दाबलीस? तू मास्क बाजूला करून आपल्या भाषेत म्हणालीस, "बिड्डा, एवढी माणसं मशीनवर आहेत इथं. माझ्या हातानं काही बंद पडलं असतं तर?" त्या आठवड्यातच तू गेलीस. बेल दाबली असती तरी फार फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय, कारण न ठेवून जगता येत नाही. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही, अम्मा. ते रोज येतं.

लोकांना वाटतं मी या लाइनीत तुझ्यामुळे आले. तसं सांगायला छान वाटेल, पण डिप्लोमाला जागा तिथे मिळाली म्हणून आले. तिथे सरांनी एकदा शिकवलं की दोन डब्यांमध्ये एक केबल असताना दुसरीही लावली की गोल तयार होतो. एक डबा ऐकलेलं दुसऱ्याला सांगतो, दुसरा तेच फिरून पहिल्याला, पहिल्याला वाटतं नवीनच निरोप आला, तो पुन्हा सांगतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्या निरोपांची अशी गर्दी होते की कामाचं काहीच पुढे सरकत नाही. वर्गात बसल्या बसल्या माझे कान तापले. म्हणजे तो कॉम्प्युटरवाला खरं तेच बोलला होता, तुझ्या हातानेच बंद पडलं होतं. मी वहीत चित्र काढून घेतलं आणि घरी कोणाला सांगायचं तर घरी कोणी नव्हतं.

आज मात्र मी त्या डब्याच्या आत शिरून बघितलं. हल्ली उंदीर केबल कुरतडतात, ऑफिसातल्या डब्यापासून इथवर येणारी ती एकच केबल तुटली की इकडचं सगळं बंद, म्हणून मालकांना दुसरी वाट हवी होती, त्यासाठी मला बोलावलं होतं. लॅपटॉप जोडला आणि डब्याची सेटिंग वाचायला लागले. या डब्याला स्वतःचं डोकं असतं, अम्मा. तो थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक भोकातून हाळी देतो, मी इथे आहे म्हणून. फिरत फिरत तीच हाळी दोन वाटांनी ऐकू आली की तो ओळखतो, गोल झालाय. मग एक वाट तो आपणहून मिटून ठेवतो. तोडत नाही, नुसती मिटतो, आणि चालू वाट तुटली की मिटलेली उघडतो. याला आम्ही स्पॅनिंग ट्री म्हणतो. डबा नवा येतो तेव्हा ते चालूच असतं. इथे ते कोणीतरी बंद करून ठेवलं होतं. दोन्ही डब्यांत. तेव्हापासून आजपर्यंत.

का बंद केलं असेल हे मला कोणी सांगायला नको, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. ते चालू असलं की कॉम्प्युटर सुरू केल्यावर जोडणी मिळायला अर्धं मिनिट लागतं. क्लार्क लोक कुरकुर करतात. त्यावर उपाय आहे, ज्या भोकाला नुसता कॉम्प्युटर आहे तिथे थांबू नकोस असं डब्याला सांगायचं, चार ओळी लिहायच्या. त्या लिहायचा ज्याला कंटाळा येतो तो सगळंच बंद करून मोकळा होतो. अर्ध्या मिनिटासाठी! तुला सगळ्यांसमोर बोलणाऱ्यानेच ते बसवलं होतं. त्याला हे माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. मी त्या स्टुलावर बसून त्याला इतक्या शिव्या दिल्या, अम्मा, की तू असतीस तर माझ्या तोंडावर हात ठेवला असतास. तू लावलेली केबल चुकीची नव्हती. ती दुसरी वाटच होती, ऑफिसातल्या डब्यापासून घालून ठेवलेली, नुसतं इकडचं टोक सुटं.

मी दोन्ही डब्यांत ते चालू केलं. ऑफिसातल्या डब्याला मुख्य केलं, कॉम्प्युटरच्या भोकांना न थांबायला सांगितलं. मग केबलची टेप सोलायला घेतली तर पाण्याला आलेली एक बाई मागून म्हणाली, "ताई, त्याला हात लावू नगा. पूर्वी एका बाईनं लावला हुता, तर सगळी फॅक्टरी बंद पडली हुती म्हणं."

"ती माझी आई," मी म्हटलं. "आणि तिच्यामुळे काही बंद पडलं नव्हतं."

ती बघतच राहिली. केसांवर तेच पांढरं. मग म्हणाली, "अगं बाई! मग लावा की तुमीच."

मी लावली. टिक. भोकाचा दिवा पिवळा झाला, म्हणजे वाट मिटलेली, आणि तसाच राहिला. ऑफिसात जाऊन बघितलं तर कोणी मानसुद्धा वर केली नाही, एक जण चहा अजून कसा आला नाही म्हणत होता. मग तपासायचं म्हणून बोळात परत येऊन मी आधीची केबल उपटली. तुझ्या केबलचा दिवा हिरवा झाला, बिलं निघत राहिली. मी तिथेच बोळात भिंतीकडे तोंड करून रडले. त्या बाईने फिल्टरचं पाणी आणून दिलं.

हे तुला पाठवता येत नाही. आलं असतं तरी कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते काम मी दुसऱ्या कोणाला दिलं नसतं. आता एकच सांगायचं राहिलंय. ठरलं होतं असं की उपटलेली आधीची केबल परत लावून ती मुख्य आणि तुझी राखीव. मी त्यांना लिहून दिलेल्या कागदावरही तसंच आहे. दोन्ही केबली चांगल्या आहेत, त्यामुळे कोणाचं काही बिघडणार नाही. पण निघण्याआधी मी पुन्हा लॅपटॉप उघडला आणि डब्याला सांगितलं की तुझी वाट आधी घे. आज त्या बोळातून पलीकडे जाणारा प्रत्येक गेटपास, प्रत्येक बिल तुझ्या केबलवरून जातंय, आणि त्यांची केबल मिटून बसलीय. असं करायला कामाचं काहीही कारण नव्हतं.